चावीजवळची खाच

सिस्टरला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण तिला सिस्टर म्हणायचं कोणी सोडलं नव्हतं. दूधवाला सिस्टर म्हणायचा, खालच्या मजल्यावरची म्हातारी सिस्टर म्हणायची, आणि नवरा होता तोवर तोही सिस्टरच म्हणायचा. "सिस्टर, पेशंटला चहा मिळेल का?" धडधाकट असताना रोज सकाळी हा प्रश्न. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून तोच विनोद. माणसाला स्वतःच्या विनोदाचा कधी कंटाळा यावा की नाही? त्याला आला नाही. खरं तर तिलाही आला नव्हता, पण तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, उगाच डोक्यावर चढून बसेल म्हणून.

आता चहा एक कप व्हायचा. पातेलं मात्र तेच होतं, दोन कपांचं, आणि तळाशी एवढासा चहा बघून तिला रोज सकाळी वाईट वाटायचं. लहान पातेलं फळीवर होतं. ते खाली काढायला हात धजत नव्हता.

तो जाऊन अकरा महिने झाल्यावर एका मंगळवारी तिने रुमालात बांधलेलं मनगटी घड्याळ कपाटातून काढलं, पर्समध्ये टाकलं आणि घड्याळवाल्याकडे गेली. अकरा महिने ती या दुकानासमोरून भाजीला जात होती आणि दर वेळी मान दुसरीकडे वळवत होती. त्या दिवशी नाही वळवली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. माणूस किती दिवस पाठ फिरवून राहणार?

दुकान झेरॉक्सवाला आणि चपलांचं दुकान यांच्या मधल्या फटीत बसवल्यासारखं होतं. काउंटरसमोर दोन गिऱ्हाइकं उभी राहायची तर त्यांचं आपसात चांगलं असायला हवं होतं. घड्याळवाला पन्नाशीचा, तुटक बोलणारा, भिंग कपाळावर सरकवलेलं. त्याने रुमालाची गाठ सोडली, तडकलेली काच बघितली.

"पडलं?"

"फेकलं," सिस्टर म्हणाली.

त्याने एकदा वर बघितलं. "कशावर?"

"भिंतीवर."

"बरं," तो म्हणाला आणि भिंग डोळ्यावर ओढलं. मागचं झाकण उघडलं, चिमट्याने आत काहीतरी हलवलं. "बॅलन्सचा दांडा तुटलाय. हे चाक बघा, नुसतं लोंबतंय. दांडा बदलू, काच बदलू. पूर्ण खोलून धुतो, तेल घालतो. यंत्र चांगलं आहे तुमचं. आता असली येत नाहीत."

"धुवायचं नाही. तेलही नको."

घड्याळवाल्याने भिंग परत कपाळावर नेलं. "म्हणजे?"

"फक्त तुटलेलं तेवढं बदला. आतलं बाकी जसं आहे तसं राहू द्या. मग चालवून बघा आणि मला सांगा, ते मागे पडतंय का, आणि किती."

"बाई, बंद घड्याळ खोलायचं आणि न धुता परत लावायचं? डॉक्टरने हात न धुता ऑपरेशन करावं तसं झालं हे."

"मी नर्स होते. हात धुण्याचं मला नका सांगू," सिस्टर म्हणाली. "धुतलंत की ते चांगलंच चालणार. मला आत्ता चांगलं चालायला नकोय. आधी कसं चालत होतं ते बघायचंय."

गिऱ्हाइकं विचित्र असतात हे घड्याळवाल्याला माहीत होतं, पण विचित्रपणालाही एक रीत असते. शेवटी त्याने खाकी पाकीट घेतलं आणि त्यावर बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली. त्याची ही पद्धतच होती. घड्याळ हातात आलं की आधी त्याच्या अंगावर काय काय आहे ते सगळं पाकिटावर उतरवायचं, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको, हा चरा तुमच्याकडे पडला. सिस्टरला ते बघून बरं वाटलं. वॉर्डात पेशंट आला की तीही असंच करायची. पाठीवर जखम, डाव्या कोपराला काळंनिळं, सगळं भरती करतानाच लिहून ठेवायचं. नंतरचं बालंट नको.

"वाचा आणि सही करा," तो म्हणाला.

तिने न वाचता सही केली. चौतीस वर्षं नातेवाइकांना ती बजावत आली होती, वाचल्याशिवाय सही करू नका. पण तिचं लक्ष काट्यांवर होतं. काटे सहा वाजून बारा मिनिटांवर थांबले होते, भिंतीवर आपटले त्या क्षणी होते तिथेच.

आता ते सहा-बारा काय होतं, ते सांगायला हवं.

नवरा बुकबाइंडर होता. कॉलेजांच्या ग्रंथालयांची फाटकी पुस्तकं शिवायची, पुठ्ठे चढवायचे. कागदाची घडी बसवायला तो हाडाची पट्टी वापरायचा नाही, उजव्या अंगठ्याचं नख वापरायचा. ते नख त्याने मुद्दाम वाढवलं होतं, जाड, पिवळट. सिस्टरला त्या नखाची किळस यायची. पण त्याच नखाचं घरात एक काम होतं. तिच्या घड्याळाची चावी पहिल्या दिवसापासून घट्ट. रोज सकाळी सातला चावी द्यायची ती देता यायची, पण वेळ लावायला चावी बाहेर ओढायची म्हटलं की तिची बोटं हरायची. नर्सची नखं कापलेली, कशात अडकवणार? मग रविवारी रेडिओवर आठचे ठोके पडायला आले की तो हात पुढे करायचा. "द्या, सिस्टर, पेशंटला द्या." नख चावीखाली घालायचा, टक् करून ओढायचा आणि आठवडाभरात मागे पडलेली तीनचार मिनिटं भरून काढायचा. इतक्या वर्षांत तिने स्वतःच्या घड्याळाची वेळ स्वतः एकदाही लावली नव्हती.

मग त्याचं हृदय थकलं. इस्पितळाने घरी पाठवलं, आणि घरी पाठवलं म्हणजे काय ते तिच्याशिवाय कोणाला जास्त कळणार? दर सहा तासांनी इंजेक्शन, अंगातलं पाणी उतरायला. दहा, चार, दहा, चार. भिंतीवरचं घड्याळ त्याने उतरवायला लावलं, टिकटिक डोक्यात जाते म्हणून. अंथरुणात त्याच्या अंगावर ओरखडे पडायला लागले तेव्हा तिने त्याची सगळी नखं कापली, ते अंगठ्याचंही. "माझं हत्यार काढून घेतलंस," तो म्हणाला. ती म्हणाली, बरे झालात की वाढवा. दोघांनाही ठाऊक होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टर आले होते. दोघांनी एकेक मनगट धरून नाडी मोजली. दोन्ही घड्याळं जुळत होती, मिनिटभराचा फरक असेल नसेल. दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. दुपारी अडीचला तो म्हणाला, "सिस्टर, जरा पड. ड्यूटी बदलली असं समज." तिने घड्याळ काढून त्याच्या उशाजवळच्या स्टुलावर ठेवलं, तिला खालून दिसेल असं, आणि खाटेशेजारी चटईवर आडवी झाली. गजर लावला नाही. गजर तिने आयुष्यात लावला नव्हता. वॉर्डातल्या सगळ्यांना माहीत होतं, सिस्टरने चारला उठते म्हटलं की ती चारला उठते. त्याचा तिला मोठा तोरा होता.

आणि ती उठलीच होती. डोळे उघडले, स्टुलाकडे बघितलं. तीन वीस. अजून चाळीस मिनिटं आहेत, असं म्हणून ती देवाचे आभार मानून परत झोपली. नंतर उठली तेव्हा घड्याळात चार वाजले होते. तिने इंजेक्शन दिलं. त्याला धाप लागली होती, पण ती तर सकाळपासूनच होती. घड्याळात सहा वाजत असताना तो गेला. तिचा हात हातात होता, फारसं काही न बोलता गेला. मग डॉक्टर आले, त्यांनी आपल्या घड्याळात बघून कागदावर लिहिलं, सहा पन्नास. सिस्टरने स्वतःच्या घड्याळात बघितलं. सहा दहा.

चाळीस मिनिटं. म्हणजे चारचं इंजेक्शन चार चाळीसला गेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "चाळीस मिनिटांनी काही फरक पडला नसता, सिस्टर." हेच वाक्य तिने स्वतः चौतीस वर्षं लोकांना सांगितलं होतं. कधी खरं असताना, कधी नसताना. ते कोणत्या आवाजात म्हणायचं तेही तिला पाठ होतं, आणि डॉक्टरांनी अगदी त्याच आवाजात म्हटलं. ते जिन्यावरून खाली गेले आणि तिने घड्याळ भिंतीवर मारलं.

तेव्हापासून तिला दुपारची झोप नव्हती आणि रात्रीची असून नसल्यासारखी. डोळा लागला की खाडकन उघडायचा. डोक्यात एकच चरक फिरत होता. घड्याळ मागे पडलं असेल, तर दोष तिचा, कारण पाच वर्षं ते सर्व्हिसिंगला द्यायचं राहिलं होतं, पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात करत. आणि घड्याळ बरोबर असेल, तर तिनेच झोपेत काटे चुकीचे वाचले. तेही तिचंच. दर रविवारी भाची फोन करायची, "मावशी, जेवलीस का, झोप लागते का?" मावशी म्हणायची, लागते. एवढं सगळं फोनवर कोणाला सांगणार आणि कसं?

आठ दिवसांनी ती परत गेली. घड्याळवाल्याने ड्रॉवरमधून पाकीट काढलं. घड्याळ चालत होतं. नव्या काचेखाली सेकंदाचा काटा फिरताना बघून सिस्टरने सवयीने दोन बोटं आपल्याच मनगटावर ठेवली.

"रोज बघितलंय," तो म्हणाला आणि एक चिटोरा पुढे सरकवला. "दोन दिवस उताणं ठेवलं, दोन दिवस पालथं, मग कुशीवर, मग उभं. दिवसाला अर्धं मिनिट मागे. फार तर पाऊण. न धुता, तुमच्या हट्टापायी."

"चाळीस मिनिटं?"

"कसली चाळीस?"

"एका दिवसात. सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत. चाळीस मिनिटं मागे पडू शकतं?"

"हे?" घड्याळवाला जवळजवळ दुखावला गेला. "बाई, दांडा नवा आहे म्हणून एखादं मिनिट इकडेतिकडे धरा. चाळीस मिनिटं मागे पडायला याला दोन महिने लागतील. आणि बिघडून थांबलं असतं तर थांबूनच राहिलं असतं, परत चालू कशाला होईल?"

म्हणजे घड्याळाचं काही चुकलं नव्हतं. बिचारं इमानेइतबारे चालत होतं आणि तिने त्याला भिंतीवर मारलं. राहिलं काय? तीच राहिली. चार वाजलेले तीन वीस वाचून झोपलेली, वॉर्डभर तोरा मिरवणारी सिस्टर. तिला वाटलं होतं की खरं काय ते कळलं की निदान एक बाजू सुटेल. सुटलं काहीच नाही. आता हे घेऊन घरी जायचं आणि त्या खोलीत बसायचं, एवढंच.

काहीतरी करायचं म्हणून तिने घड्याळ उचललं आणि हातात फिरवलं. चावीजवळ, कडेला, एक खाच दिसली. वरचा पांढरा मुलामा उडून आतलं पितळ चमकत होतं.

"हे काय?" ती म्हणाली. स्वतःवर काढता येत नव्हतं ते तिने त्याच्यावर काढलं. "हे नव्हतं. हे तुमच्याकडे झालंय."

घड्याळवाला याच क्षणासाठी पाकिटं लिहायचा. त्याने शांतपणे पाकीट तिच्यासमोर ठेवलं आणि बोट लावून वाचलं. "काच तडकलेली. पट्टा जुना, दुसरं भोक फाटलेलं. चावीजवळ खाच, ताजी, पितळ उघडं. खाली सही तुमची."

सही तिचीच होती.

"पडून झाली असेल," ती जरा ओशाळून म्हणाली.

"पडून चेपतं. ही उचकटल्याची खाच आहे. कोणीतरी चावीखाली काहीतरी चपटं घालून ती बाहेर काढलीय. सुरी नाही, सुरीने बारीक रेघ उठते. चमच्याचा दांडा असावा. आणि एका झटक्यात नाही निघाली. हे बघा, तीनचार वेळा निसटलंय." त्याने भिंग तिच्या हातात दिलं. "घरात लहान मूल आहे का?"

"नाही."

"मग कोणीतरी काटे फिरवलेत. तुम्ही चाळीस मिनिटं म्हणताय ना? घड्याळ चाळीस मिनिटं मागे पडत नाही, बाई. चाळीस मिनिटं मागे लावावं लागतं."

सिस्टर भिंगातून बघत राहिली. भिंगाखाली ती खाच मोठी दिसत होती, आणि तिच्याशेजारी निसटलेल्या दांड्याचे ओरखडे, एक, दोन, तीन.

चमचा तिला आठवला. दुसऱ्या दिवशी अंथरूण काढताना उशीखाली सापडला होता. औषध पाजायचा, छोटा, चपट्या दांड्याचा. तेव्हा तिला वाटलं, देताना हातातून सुटला असेल. चमचा स्टुलावरच्या वाटीत असायचा, घड्याळाशेजारी. आणि घरात घड्याळाची वेळ लावणारं एकच माणूस होतं. त्याचं हत्यार तिने त्या दिवसाच्या पंधरा दिवस आधी कापून टाकलं होतं.

"बसा," घड्याळवाला म्हणाला आणि आपलं स्टूल काउंटरवरून पलीकडे दिलं. ती बसली. झेरॉक्सच्या मशीनचा आवाज येत होता. तो दुसरं एक घड्याळ उघडून त्यात डोकं घालून बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "चावी बदलून देऊ का? मोठी बसवतो, बोटाने सहज निघेल. आता वेळ लावायला घरी कोणी आहे का?"

"नाही," सिस्टर म्हणाली.

"मग बदलतो."

"नको. राहू द्या तीच."

घरी आल्यावर तिने चपला काढल्या नाहीत, पदराने घाम पुसला नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली, ड्रॉवरमधून तो चमचा काढला आणि खाटेवर, त्याच्या जागेवर बसली. दांडा खाचेला लावला. बसला.

आणि मग ती चिडली. मनापासून चिडली, अकरा महिन्यांत पहिल्यांदा. "पेशंटने चार्टला हात लावायचा नसतो," ती रिकाम्या खोलीला म्हणाली. "एवढी वर्षं नर्सबरोबर काढलीत, एवढं कळू नये तुम्हाला? इंजेक्शन काय गंमत म्हणून होतं? कोणी सांगितलं होतं मला झोपवायला?" ती बोलत राहिली. खालच्या म्हातारीला ऐकू गेलं असेल तर गेलं. "चाळीस मिनिटांची झोप दिलीत आणि अकरा महिन्यांची घेऊन गेलात. मला वाटलं मी मारलं तुम्हाला."

उलट बोलणार कोण? भांडायला तरी समोर माणूस लागतं. ती थांबली तेव्हा खोलीत फक्त घड्याळ वाजत होतं, अगदी बारीक. मग ती रडली. आतापर्यंत ती रडली होती ती स्वतःच्या नावाने. आज पहिल्यांदा त्याच्यासाठी रडली. सूज आलेले हात, उशा लावून जेमतेम बसवलेलं शरीर, श्वासाला श्वास लागत नाही, आणि हा माणूस चमचा घेऊन घड्याळ उचकटत बसला होता. निसटला, परत घातला. निसटला, परत घातला. आणि सगळं आवाज न करता, कारण खाली सिस्टर झोपली होती. किती वेळ लागला असेल? ती चारला उठणार हे त्याच्याइतकं पक्कं कोणाला माहीत होतं? म्हणून तर काटे फिरवावे लागले.

चाळीस मिनिटांनी फरक पडला असता की नाही, ते तिला आजही माहीत नव्हतं आणि कधी कळणारही नव्हतं. पण ती चाळीस मिनिटं कोणाची होती ते कळलं होतं.

रविवारी सकाळी तिने रेडिओ लावला. लहान पातेलं फळीवरून खाली काढून त्यात एक कप चहा केला. आठ वाजत आले तशी घड्याळ आणि चमचा घेऊन खाटेवर बसली. दांडा त्याने करून ठेवलेल्या खाचेत घातला आणि दाबला. चावी पहिल्या दणक्यात बाहेर आली, टक्. तिने ठोक्यांवर काटे बरोबर आठला लावले आणि चावी आत दाबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दुपारी ती चटईवर आडवी झाली. घड्याळ स्टुलावर ठेवलं, दिसेल असं. झोप लागली. मग डोळे आपोआप उघडले, सवयीने, आणि तिने स्टुलाकडे बघितलं. बरोबर चार वाजले होते. ती उठून बसली आणि इंजेक्शनच्या डब्याकडे तिचा हात गेला. तिथे डबा नव्हता. खाट रिकामी होती, चादर ताणून घातलेली.

"चार वाजले हो," ती म्हणाली. मग कूस बदलून, खाटेकडे तोंड करून, ती परत झोपली.